बहुस्तरीय लॉजिस्टिक प्रतिमानांची तुलना

बहुस्तरीय लॉजिस्टिक प्रतिमान : गटांमध्ये विभागलेल्या विदेतील ‘होय-नाही’ स्वरूपाच्या उत्तरांसाठी वापरले जाणारे संख्याशास्त्रीय प्रतिमान. एकाच गावातील किंवा शाळेतील व्यक्तींच्या उत्तरांत साम्य असते. साधे लॉजिस्टिक प्रतिमान त्याकडे दुर्लक्ष करते. त्यामुळे विशेषतः गटपातळीवरील घटकांच्या प्रमाणत्रुटी वाजवीपेक्षा लहान येतात. बहुस्तरीय प्रतिमानात प्रत्येक गटाला वेगळे स्थिरपद असते.

उदाहरण. बांगलादेश जननक्षमता सर्वेक्षणातील ६० जिल्ह्यांमधील १,९३४ स्त्रियांची विदा अभ्यासासाठी प्रसिद्ध आहे. स्त्री गर्भनिरोधक वापरते का, हा प्रश्न. जिल्हा न धरणारे, जिल्हानिहाय स्थिरपदाचे आणि शहरी-ग्रामीण फरकही जिल्ह्यागणिक बदलू देणारे, अशी तीन प्रतिमाने येथे ताडून पाहता येतात.

निकष. एक प्रतिमान दुसऱ्यात सामावलेले असल्यास लाइकलीहूड-गुणोत्तर चाचणी लावतात. प्रचरण ऋण असू शकत नसल्याने ‘गटप्रचरण (गटांच्या स्थिरपदांचे प्रचरण) शून्य’ ही परिकल्पना सीमेवर पडते. एकाच प्रचरणाच्या चाचणीत नेहमीच्या काय-वर्ग कोष्टकातील पी-मूल्य निम्मे करतात. सामावलेली नसलेली प्रतिमाने अकाइके (१९७४) किंवा श्वार्झ (१९७८) यांच्या निकषांनी ताडतात. बेझीय पद्धतीत डीआयसी (डेव्हिअन्स इन्फर्मेशन क्रायटेरियन, २००२) हा निकष वापरात आहे. ब्रेस्लो व क्लेटन यांची पीक्यूएल (पेनलाइज्ड क्वासी-लाइकलीहूड) पद्धत (१९९३) खरे लाइकलीहूड देत नाही, म्हणून तिच्या आकड्यांवर हे निकष लावू नयेत. शिवाय गट लहान व प्रचरण मोठे असल्यास ती प्रचरण कमी दाखवते. अनुकूली गाउस-हर्माइट संकलन अधिक अचूक, पण गणनेला जड.

मोजपट्टीचा प्रश्न. लॉजिस्टिक प्रतिमानात व्यक्तिपातळीचे प्रचरण ३.२९ (पाय-वर्गाचा तृतीयांश) इतके स्थिर धरलेले असते. नवा घटक घातला की ते घटत नाही. त्याऐवजी सर्व सहगुणकांची मोजपट्टी बदलते. म्हणून दोन प्रतिमानांतील सहगुणक थेट ताडणे फसवे ठरते. गटप्रचरण १ असल्यास गटांतर्गत सहसंबंध १ भागिले ४.२९, म्हणजे सुमारे ०.२३ येतो, तर गटांमधील फरक दाखवणारे मध्यक शक्यता-गुणोत्तर सुमारे २.६.

गटांतील साम्य हाताळण्याचा दुसरा मार्ग असलेली लियांग व झेगर यांची जीईई (जनरलाइज्ड एस्टिमेटिंग इक्वेशन्स) पद्धत (१९८६) संपूर्ण लोकसंख्येची सरासरी सांगते, बहुस्तरीय प्रतिमान विशिष्ट गटातील परिणाम सांगते. जीईईचे सहगुणक सहसा लहान दिसतात. हा फरक अचूकतेचा नसून प्रश्नाचा आहे. त्यामुळे या दोहोंतील निवड निकषांच्या आकड्यांवर न सोडता अभ्यासाच्या हेतूवरून करावी लागते.