जिवंत प्रेतें आणि सावध माणसें

ता. ३० एप्रिल २०११ ही तारीख घातलेला अमेरिकेच्या सेनाखात्यांतील एक कागद २०१४ सालीं लोकांच्या नजरेस आला, तेव्हां तो कोणीतरी थट्टेनें रचिला असावा असें पुष्कळांस वाटलें. मेलेलीं माणसें उठून जिवंतांवर चालून आलीं तर राष्ट्राचें रक्षण कोणत्या क्रमानें करावें, याची ती पद्धतशीर योजना होती. तरुण अधिकाऱ्यांना मोहिमेचा आराखडा लिहिण्याचे पाठ देण्याकरितां ती तयार केलेली होती. पाठासाठीं का होईना, शत्रु म्हणून एखाद्या खऱ्या देशाचें नांव घातलें आणि कागद बाहेर फुटला, तर नसता बखेडा उभा राहावयाचा. म्हणून ज्याचा वकील तक्रार घेऊन येणार नाहीं असा शत्रु निवडला गेला. या शत्रूचे वर्ग पाडलेले आहेत. कोणी रोगजंतूंमुळें उठलेले, कोणी जादूटोण्यानें, कोणी अंतराळांतून आलेले, कोणी केवळ पालापाचोळा खाणारे! यांपैकीं प्रत्यक्ष आढळणारा वर्ग एकच, आणि तो कोंबड्यांचा. नीट न मारतां पुरल्यामुळें त्या माती उकरून वर येतात.

या विनोदांत एक कलम मात्र आम्हांस खटकलें. कायद्याचीं बंधनें माणसांच्या व जनावरांच्या जिवांपुरतीं आहेत. हे उठलेले मुडदे दोहोंतहि मोडत नाहींत. सबब त्यांच्याविरुद्ध काय करावें यास जवळजवळ मर्यादा नाहीं, असा त्याचा आशय आहे. रूप माणसाचें, परंतु कायद्याच्या लेखीं माणूस नव्हे, असा हा प्राणी सेनेच्या कचेरींत जन्मलेला नाहीं. त्याचें जन्मस्थान कॅरिबियन समुद्रांतील हैती बेट होय, आणि तेथें जिवंत माणसांचीच अशी गत झालेली होती.

इंग्रजींतील ‘झॉम्बी’ हा शब्द तेथूनच आला. (आपल्या मराठी झोंबीशीं त्याचें कांहीं नातें नाहीं, ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ति लावणाऱ्यांनीं येथें हात आवरावा.) बेटाचा पश्चिम भाग सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचांकडे गेला, आणि पुढील शंभर वर्षांत उंसाच्या मळ्यांनीं त्यास युरोपची साखरेची वखार बनविलें. १६८५ च्या फ्रेंच कायद्यानें गुलाम ही जंगम मालमत्ता ठरली होती. १७८९ च्या सुमारास सुमारें पांच लाख आफ्रिकी गुलाम तेथें राबत होते. माणसें इतक्या लवकर मरत कीं नवीं आणणें मळेवाल्यांस स्वस्त पडे. या लोकांची समजूत अशी होती कीं, मरणानंतर जीव समुद्रापलीकडे गिनीस, म्हणजे आपल्या पूर्वजांच्या देशीं, परत जातो. मरण ही त्यांची एकमेव सुट्टी होती. तीहि हिरावली जाऊं शकते, मेल्यावरहि मांत्रिक देह उठवून मळ्यावर जुंपूं शकतो, ही कल्पना किती भयंकर वाटत असेल याची वाचकांनींच कल्पना करावी. हैतीचा शेतकरी झोंबीला फारसा भीत नाहीं. आपण झोंबी होऊं याला भितो.

त्या लोककथांत एक गोष्ट अशी आहे कीं, अशा देहास कोणी मीठ खाऊं घालूं नये. मिठाचा कण जिभेस लागला कीं त्यास शुद्धि येते, आपण मेलेले आहों हें कळतें, आणि तो थेट आपल्या थडग्याची वाट धरतो. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागणें म्हणजे धन्याशीं इमान राखणें. तेथें मिठानें दास जागा होतो तो धन्याला सोडून जाण्यासाठीं. दोन समाजांच्या मालक-चाकरांतील अंतर इतक्या थोडक्यांत दाखविणारी दुसरी जोडी आम्हांस ठाऊक नाहीं.

१७९१ सालीं या गुलामांनीं बंड केलें आणि १ जानेवारी १८०४ रोजीं हैती स्वतंत्र झालें. पुढें १९१५ मध्यें अमेरिकन फौजा तेथें उतरल्या व १९३४ पर्यंत राहिल्या. त्या अमदानींत खेडुतांना वेठीस धरून रस्ते बांधविण्यांत आले. नेमक्या याच काळांत, १९२९ सालीं, विल्यम सीब्रुक या प्रवाशाचें हैतीवरील पुस्तक निघालें. साखरकंपनीच्या शेतांत डोळ्यांत तेज नसलेलीं, खालीं मान घालून राबणारीं ‘प्रेतें’ त्यांत अमेरिकन वाचकांस प्रथम भेटलीं. तीन वर्षांत चित्रपट निघाला. मात्र समुद्र ओलांडतांना भय उलटें झालें. गुलामाच्या मनांतील भीति मालकाच्या मनांत शिरली. राबणारा तो आतां चावणारा झाला.

आजचें त्याचें रूप जॉर्ज रोमेरो याच्या १९६८ च्या चित्रपटानें ठरविलें, जरी त्यांत ‘झोंबी’ हा शब्द एकदांहि उच्चारलेला नाहीं. एका शेतघरांत कांहीं माणसें कोंडून घेतात. बाहेर मुडद्यांचा वेढा. आंतले लोक तळघर बरें कीं वरचा मजला बरा यावर भांडतात आणि त्या भांडणांतच बहुतेक नाश पावतात. उरतो एक कृष्णवर्णीय तरुण. रात्रभर धीर न सोडतां तो वांचतो, आणि सकाळीं सुटकेस आलेलें बंदूकधारी पथक त्याला मुडदा समजून दुरूनच गोळी घालतें. चित्र भडक आहे, कित्येक ठिकाणीं ओंगळहि आहे. पण हा शेवट ज्याला सुचला त्याला इतिहासाची जाण होती असें आम्ही म्हणूं. आपल्या वेताळाशीं या मंडळींची तुलना करण्याचा मोह होतो, पण ती टिकत नाहीं. आमचा वेताळ प्रेतांत राहून राजाला न्यायाचे प्रश्न घालतो, आणि गोमंतकांत तर ग्रामदैवत होऊन गांव राखतो.

पुढें या विषयावर जगण्याचे मार्गदर्शक ग्रंथ निघाले, आणि मे २०११ मध्यें अमेरिकेच्या रोगनियंत्रण खात्यानेंहि या भयाचा उपयोग करून घेतला. वादळें, पूर, सांथी यांसाठीं घरांत काय असावें हें खातें वर्षानुवर्षें सांगत होतें, ऐकत कोणी नव्हतें. तेंच मुडद्यांच्या नांवानें सांगतांच वाचकांची झुंबड उडाली. दर माणशीं दररोज एक गॅलन पाणी, न नासणारें अन्न, औषधें, साबण, महत्त्वाचे कागद, आणि ताटातूट झाल्यास घरच्यांनीं कोठें भेटावें याचा आधींच केलेला ठराव. कोंकणांत आगोटीची बेगमी करणाऱ्या आमच्या आज्यांस यांत नवें कांहीं वाटलें नसतें. यादी उत्तम आहे. तिच्यांत शेजारी मात्र कोठें नाहीं.

गणितज्ञहि मागें राहिले नाहींत. २००९ सालीं कॅनडांतील ओटावाच्या कांहीं अभ्यासकांनीं मुडद्यांच्या सांथीचीं समीकरणें मांडलीं आणि निष्कर्ष काढला कीं, विलगीकरण किंवा औषध यांनीं भागत नाहीं, त्वरित व वारंवार केलेला जोराचा हल्ला हाच उपाय. थट्टेच्या समीकरणांतून निघालेला हा निर्णय आम्हीं हंसून सोडून दिला असता. परंतु त्या समीकरणांचें मूळ फार जवळचें आहे. निरोगी, रोगी व रोगांतून सुटलेले असे लोकांचे गट पाडून सांथीचा चढउतार मोजण्याची रीत १९२७ मध्यें एडिंबरोच्या कर्मॅक व मॅकेंड्रिक या दोघांनीं घालून दिली. मॅकेंड्रिक हे हिंदुस्थानच्या वैद्यकीय खात्यांत नोकरी केलेले, कर्मॅक प्रयोगशाळेंतील अपघातानें अंध झालेले. आपली वक्ररेषा खरी ठरते हें दाखविण्यासाठीं त्यांनीं जे आंकडे घेतले ते मुंबईचे: डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या आठवड्यांत प्लेगानें मेलेल्या माणसांचे. आज पडद्यावरील मुडदे ज्या रेषेवरून चालतात, ती मुंबईच्या मेलेल्यांवरून काढलेली आहे.

आणि त्या प्लेगांत काय घडलें हें सांगण्यास चित्रपट नकोत. सप्टेंबर १८९६ मध्यें डॉ. व्हिएगस यांनीं मांडवीला रोग ओळखला. फेब्रुवारी १८९७ मध्यें सरकारनें सांथीच्या रोगांचा कायदा केला. अवघीं चार कलमें, आणि चौथें असें कीं, या कायद्याखालीं सद्‌बुद्धीनें केलेल्या कृत्याबद्दल कोणावरहि दावा चालावयाचा नाहीं. (हाच कायदा मार्च २०२० मध्यें पुन्हां उपयोगांत आला.) पुण्यांत रँडसाहेबाच्या हाताखालीं गोरे शिपाई स्वैंपाकघरांत आणि देवघरांत शिरले, बायकामाणसांच्या तपासण्या झाल्या, सामान जाळलें गेलें, माणसें छावणींत नेलीं. रोग खरा होता आणि कांहींतरी बंदोबस्त हवाच होता, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण रोगी हाच रोग, असें एकदां धरल्यावर लोक रोगी लपवूं लागले, रात्रीं गुपचूप प्रेतें हलवूं लागले, आणि २२ जूनच्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर पिस्तुलें झडलीं.

त्याच वर्षीं, १० मार्चला, सावित्रीबाई फुले वारल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीशीं घेऊन त्यांनीं आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या, दवाखान्यांत पोंचविलें, आणि त्यांत त्यांनाहि रोग जडला, असें सांगतात.

माणसांवर हा एवढा पहारा चालला असतां रोगाची वाट निराळीच होती. १८९८ सालीं कराचींत सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें उंदरावरील पिसू प्लेग वाहून नेते असें प्रयोगानें दाखविलें. परंतु तें सर्वमान्य व्हावयास आणखी कित्येक वर्षें गेलीं. तोंपर्यंत भिंतींवर चुना आणि मोरींत कार्बालिक ॲसिड ओतणें चालूच होतें, आणि त्या वासानें बिळें सोडून उंदीर शेजारच्या घरीं जात होते.