उथळ पाण्यात एकटा: एका सकाळचा घटनाक्रम

पुढे लिहिलेलं घडलेलं नाही. यातला तरुण कल्पित आहे. पाणी, हवा आणि फुप्फुस मात्र असंच वागतात, आणि मे महिन्यातला उजनी धरणाचा काठही असाच असतो. खोल जायचं नाही, छातीभर पाण्यात सराव करायचा, त्याला सोबत कशाला, असं नव्यानं स्कूबा शिकलेल्या कुणालाही वाटू शकतं. त्याच्यासाठी हे लिहितो आहे.

शनिवार, रात्री ९:०० (११ तास २० मिनिटं बाकी)

केम गाव. घरात कुंकवाचा धंदा, मुलगा पुण्यात नोकरीला. महिन्यापूर्वी मालवणला जाऊन कोर्स केला, समुद्रात चार डाइव्ह झाल्या, कार्ड मिळालं. त्या कार्डावर १८ मीटरपर्यंतची मुभा आहे, पण बडीसोबत, म्हणजे जोडीनं उतरणाऱ्या डायव्हरसोबत. मास्कमध्ये शिरलेलं पाणी नाकानं फुंकून काढणं त्याला अजून नीट जमत नाही, आणि त्याची लाज वाटते. कुणी बघायला नको, म्हणून तो एकट्यानंच जायचं ठरवतो. आईला सांगतो, "सकाळी मित्राकडं जाऊन येतो." माझ्या मते अपघात इथंच सुरू होतो. उद्या शोधायचं कुठं, हे आता घरात कुणालाच ठाऊक नाही.

रविवार, सकाळी ७:१५ (१ तास ५ मिनिटं बाकी)

उजनीचा कंदर गावाच्या बाजूचा काठ. मागून आणलेल्या गाडीच्या डिकीत १२ लिटरची टाकी, २०० बारला भरलेली. धरणाचं पाणी मागं हटलंय आणि त्याच्यामागं शेतकऱ्यांच्या मोटारी सरकल्यात. पाइप आणि केबली गाळातून पाण्यात गेल्यात. चिलापी धरायला निघालेला मच्छीमार होडी ढकलता ढकलता सांगतो, "पाव्हणं, पुढं जाळी हायती. एकलं नका उतरू."

"लांब नाही जात. इथंच आहे."

होडी निघून जाते.

७:४० (४० मिनिटं बाकी)

तो कमरेला शिशाच्या वजनांचा पट्टा बांधतो, मालवणला होता तेवढ्याच वजनाचा. समुद्राचं पाणी खारं असल्यानं जड असतं आणि माणसाला जास्त उचलून धरतं. गोड्या पाण्यात हा आधार अडीच टक्क्यांच्या आसपास कमी होतो. सगळ्या सामानासकट १०० किलो भरणाऱ्या माणसानं इथं पट्ट्यातून साधारण अडीच किलो कमी करायला हवेत. सोबत कुणी असतं, तर काठाशी तरंगून बघतानाच हे उघड झालं असतं. उतरण्याआधी दोघं एकमेकांचं जॅकेट, पट्ट्याचं बक्कल, टाकीचा व्हॉल्व्ह तपासतात. दोन मिनिटांचं काम. एकट्याला पाठीवरचा व्हॉल्व्ह दिसतसुद्धा नाही.

७:५५ (२५ मिनिटं बाकी)

गुडघाभर, कंबरभर, छातीभर. इथपर्यंत त्याचं म्हणणं खरं ठरतं. पण उजनीच्या पोटात १९८० च्या आधीची शेतं आहेत, विहिरी आहेत, घरांच्या भिंती आहेत. तळ सारखा उतरत जात नाही. एका बुडालेल्या बांधावरून पाय सुटतो आणि जादा शिसं त्याला पाच मीटरवर नेऊन बसवतं. फिन्स गाळात रुततात, पाणी तपकिरी होतं. डोळ्यांपुढं धरलेला हवेचा गेज वाचता येत नाही.

८:०८ (१२ मिनिटं बाकी)

मास्कमध्ये पाणी येतं. जे जमत नव्हतं, नेमकं तेच करायची वेळ. नाकात पाणी जातं, ठसका लागतो, श्वास धापेवर येतो. मागं सरकताना मानेमागं काहीतरी अडकतं. नायलॉनचं बारीक जाळं टाकीच्या व्हॉल्व्हभोवती बसलंय. तिथं त्याचा हात पोचत नाही. तो जोरानं वळतो, तसा दुसरा फेरा पडतो. मागून बडीनं दोन बोटांनी सोडवलं असतं, ते तो अंगाच्या ताकदीनं तोडू बघतो.

८:१२ (८ मिनिटं बाकी)

जाळं तुटतं. घाबरलेला माणूस एकच गोष्ट करतो: श्वास रोखून वर धावतो. जॅकेटमध्ये हवा भरायचं बटण दाबून धरलेलं. टाकीतली हवा तोंडात पोचवणाऱ्या रेग्युलेटरनं पाच मीटरवर त्याला तिथल्या दाबाची हवा दिली होती. पृष्ठभागावर तीच हवा दीडपट जागा मागते. उजनी भरल्यावर तिची पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर असते. या उंचीवर हवेचा दाब आधीच कमी, त्यामुळं हे प्रमाण समुद्रापेक्षा किंचित वाढतंच. दाब सगळ्यात जास्त पटीनं पहिल्या दहा मीटरमध्येच बदलतो, म्हणून उथळ पाणी या बाबतीत सुरक्षित नाही. भरल्या फुप्फुसानं श्वास रोखला, तर दीड मीटरवरून वर येतानाही फुप्फुस फाटू शकतं.

फाटलेल्या जागेतून हवा रक्तात शिरते. बुडबुडा मेंदूकडं जातो.

८:१४ (६ मिनिटं बाकी)

डोकं पाण्याबाहेर येतं, ओरडणं मात्र होत नाही. शुद्ध हरपते, रेग्युलेटर तोंडातून सुटतो, चेहरा पाण्यात. शिशाचा पट्टा कमरेलाच. बक्कल एका हातानं सुटतं, पण तो हात दुसऱ्याचा हवा.

८:२०

मेंदूला प्राणवायू नसल्याला पाच-सहा मिनिटं झाली.

त्यानंतर

दुपारी आई फोन लावते, मग मित्रांकडं चौकशी, संध्याकाळी काठावर उभी असलेली गाडी सापडते. शोध किती अवघड असतो, ते एका खऱ्या घटनेवरून कळतं: २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला निघालेली बोट याच पाण्यात वादळी वाऱ्यानं उलटली आणि सहा जण बुडाले. बोट कुठल्या टापूत गेली हे माहीत होतं, एनडीआरएफचं पथक आलं होतं, तरी मृतदेह हाती लागायला २३ मे उजाडला. आणि समजा, याला कुणी वेळेत बाहेर काढलंच असतं, तर लागला असता दाब वाढवून उपचार करणारा बंद कक्ष. मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात तशी सोय आहे. केमपासून मुंबई तीनशे किलोमीटरांहून दूर.

मास्कचा सराव करायचाच, तर पोहण्याच्या तलावात, प्रशिक्षकासमोर, लाज बाजूला ठेवून करावा. एकट्यानं डाइव्ह करणारे अनुभवी लोक जगात आहेत. एसडीआय ही संस्था त्यासाठी वेगळा कोर्सही घेते. त्याला प्रवेश हवा, तर आधीच्या १०० डाइव्हची नोंद दाखवावी लागते, आणि पाण्यात उतरताना हवेचा दुसरा, स्वतंत्र साठा अंगावर असावा लागतो.