प्राणी जन्मनियंत्रण नियम

भटक्या कुत्र्यांची आणि मांजरांची संख्या त्यांना न मारता, निर्बीजीकरण करून आटोक्यात आणण्यासाठी भारत सरकारने केलेले नियम. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली ते 2001 मध्ये फक्त कुत्र्यांसाठी आले. 2023 च्या सुधारित नियमांत मांजरांचाही समावेश झाला.

हे नियम येण्याआधी नगरपालिकांचा मुख्य उपाय होता, दिसेल ते कुत्रे मारणे. मुंबईत जून 1832 मध्ये अशाच सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दंगल उसळली. मारणे मात्र पुढेही दीर्घकाळ चालू राहिले. मारलेल्या कुत्र्यांच्या जागी शेजारच्या भागातली येत आणि उकिरड्यावरच्या अन्नावर त्यांची पिल्ले जगत. मुंबई महापालिकेने 1994 पासून निर्बीजीकरणाचा मार्ग धरला.

नियमांनुसार कुत्रे पकडायचे, शस्त्रक्रिया करायची, रेबीजची लस टोचायची, जखम भरली की पकडले त्याच जागी सोडायचे. शस्त्रक्रिया झाल्याची खूण म्हणून कानाची कड कापतात. रस्त्यावर झोपलेल्या कुत्र्याच्या कानाला अशी खाच दिसली, की त्याची नसबंदी झाली आहे हे लांबूनही कळते. जागा न बदलण्यामागे कारण आहे: ओळखीचे, लस टोचलेले कुत्रे आपल्या हद्दीत नव्या कुत्र्यांना सहसा टिकू देत नाही.

हे सारे वेगावर अवलंबून आहे. एका भागातल्या सुमारे 70 टक्के कुत्र्यांवर थोड्या काळात शस्त्रक्रिया झाली, तरच संख्या घटते. कुत्री वर्षातून दोनदा विऊ शकते. त्यामुळे आज या गल्लीतली चार, पुढच्या महिन्यात त्या गल्लीतली सहा, असे तुटपुंजे काम झाले, तर झालेली घट नवी पिल्ले भरून काढतात. 2019 च्या पशुगणनेत देशात सुमारे 1.53 कोटी भटकी कुत्री नोंदली गेली. एवढ्या संख्येपुढे अपुरी केंद्रे, थोडे पशुवैद्यक आणि उघडा कचरा ही खरी अडचण आहे. चावा बसलेल्या मुलाच्या पालकांचा संताप त्यामुळे रास्तच ठरतो.

ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील सर्व भटकी कुत्री निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. त्याच महिन्यात मोठ्या पीठाने तो बदलून, रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्री वगळता इतरांना नसबंदी आणि लसीकरणानंतर मूळ जागी सोडण्यास सांगितले. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके यांसारख्या आवारांतून पकडलेली कुत्री तेथे परत सोडण्यास न्यायालयाने मनाई केली.