टेबलावर उलगडलेला नकाशा

१९८६ च्या पावसाळ्यात माझे वडील कोरेगावहून एसटीने स्वारगेटला उतरले, तेव्हा त्यांच्या पिशवीत दशम्या होत्या आणि एक गुंडाळलेला नकाशा होता. नकाशा आलं धुण्याच्या यंत्राचा. आमच्याकडे आल्याचं पीक मोठं. काढणीनंतर ते चोळून धुताना बायकांच्या बोटांची सालं निघत. वडिलांनी गावातल्या लोहाराला हाताशी धरून जाळीदार पत्र्याचं पिंप बनवलं, आतून भोकं पाडलेली पाण्याची नळी घातली. हँडल फिरवलं की पिंपभर आलं काही मिनिटांत स्वच्छ. दहा-वीस यंत्रं बनवायला भांडवल हवं होतं, म्हणून ओळखीतून कळलेल्या एका व्यापाऱ्याला भेटायला ते पुण्यात आले.

भेट स्टँडसमोरच्या हॉटेलात झाली. वडिलांनी कपबश्या बाजूला सारल्या आणि नकाशा टेबलावर उलगडला. नळीची भोकं किती अंतरावर, पिंपाला उतार किती, सगळं समजावून सांगितलं. "तात्या, रात्रीपुरता माझ्याकडे राहू द्या, भावाला दाखवतो," असं ते गृहस्थ म्हणाले. वडिलांनी नकाशा दिला. पुढच्या हंगामात तेच यंत्र दुसऱ्याच नावाने बाजारात आलं, भोकांचं अंतरसुद्धा तेच. हे माझं आहे म्हणून दाखवायला वडिलांकडे तारखेचा एक कागद नव्हता. त्यांनी कुणाला शिव्या दिल्या नाहीत, पण त्यानंतर कधी काही नवं बनवलंही नाही. यंत्र गेलं त्यापेक्षा मला याचं दुःख जास्त आहे.

मी पुढे स्वारगेटच्याच भागात ड्रॉइंगचं ऑफिस काढलं. यंत्रांचे नकाशे आणि पेटंटच्या अर्जांना लागणाऱ्या आकृत्या, हा माझा धंदा. तो करताना कळलं की वडिलांना हवा होता तो कायदा त्यांच्या आधी १३० वर्षं या देशात होता. १८५६ साली कंपनी सरकारने शोधकाला चौदा वर्षांचा एकाधिकार देणारा कायदा केला आणि कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग यांनी पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी पहिला अर्ज केला. १९११ साली नवा कायदा आला, १९७० साली स्वतंत्र भारताचा आला. तो कोरेगावच्या लोहारशाळेपर्यंत कुणी नेला नाही, एवढंच.

पण मराठी माणसाला ही पेटंटची विद्या अवगत नव्हती, असं मात्र नाही. शंकर आबाजी भिसे यांचं नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे. १८६७ साली मुंबईत जन्मलेला हा माणूस माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राची कल्पना घेऊन एका इंग्रजी नियतकालिकाच्या स्पर्धेत उतरला आणि जिंकला. पुढे तो लंडनला गेला. तिथे दादाभाई नौरोजींनी त्याच्यावर विश्वास टाकला, पैसे घातले. छपाईचे खिळे झपाट्याने ओतणारं यंत्र हे भिशांचं मोठं काम. त्या काळी छपाईचा धंदा म्हणजे बलाढ्य कंपन्यांचा आखाडा होता, आणि त्यात हा गुलाम देशातला, खिशात पैसा नसलेला माणूस आपलं यंत्र घेऊन उभा होता.

दादाभाई भारतात परतले. मग समाजवादी पुढारी हेन्री हाइंडमन यांनी भांडवल उभं करायचं मनावर घेतलं, ते जमलं नाही. भिसे हात हलवत मायदेशी निघाले. परतीच्या प्रवासात त्यांना आपल्या पुण्याचे गोपाळ कृष्ण गोखले भेटले. गोखल्यांनी त्यांची गाठ जमशेटजींचे धाकटे चिरंजीव रतन टाटा यांच्याशी घालून दिली, आणि टाटांच्या पैशावर काम पुन्हा सुरू झालं. महायुद्धाच्या काळात तेही संपलं. भिसे अमेरिकेला गेले. तिथे त्यांच्या नावाची टाइप कास्टर कंपनी निघाली. १९३५ साली न्यूयॉर्कमध्येच ते वारले.

लोक या कथेत अपयश पाहतात. मला ते पटत नाही. भांडवलदार एकामागून एक बदलले, पण यंत्र भिशांचंच राहिलं, कारण त्यांनी शोधांची पेटंटं घेतली होती. प्रत्येक टेबलावरून उठताना नकाशा त्यांच्या हातात होता. माझ्या वडिलांचा टेबलावरच राहिला.

दादासाहेब फाळक्यांनी वेगळी वाट काढली. १९१२ साली त्यांनी कुंडीतल्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून एक चित्रफीत बनवली आणि निवडक लोकांना दाखवली. यशवंतराव नाडकर्णींसारख्यांनी ती पाहून चित्रपटासाठी कर्ज देऊ केलं. काय होतं ते डोळ्यांनी दिसलं, कॅमेऱ्यामागची कारागिरी फाळक्यांपाशीच राहिली.

पेटंट प्रत्येक कल्पनेला मिळत नाही, धंद्याच्या निव्वळ कल्पनेला तर नाहीच. तिथे काय करायचं, याचं एक उत्तर मुंबई उच्च न्यायालयात २००३ साली मिळालं. सनडायल कम्युनिकेशन्सने कृष्णावरच्या मालिकेची कल्पना लेखकांच्या संघटनेत नोंदवून मग झी टेलिफिल्म्सला ऐकवली होती. पुढे झीची त्याच धर्तीची मालिका येऊ घातली तेव्हा सनडायल कोर्टात गेली. विश्वासाने सांगितलेली, नीट रचलेली कल्पना ऐकणाऱ्याने परस्पर वापरता येत नाही, असं मानून खंडपीठाने मनाई कायम ठेवली. नोंदीचा कागद आणि काय सांगितलं त्याची टिपणं होती, म्हणून वादी उभा राहू शकला.

आजही सातारा-सांगलीच्या गाड्यांतून पोरं नकाशांची नळकांडी घेऊन स्वारगेटला उतरतात. कुणाला तरी "पार्टी" भेटायची असते. माझ्याकडे आली तर मी आधी त्यांचा प्रोव्हिजनल अर्ज भरून घेतो. त्या दिवसाची तारीख तुमची होते आणि पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. अर्जाआधी प्रदर्शनात किंवा जत्रेत यंत्र मांडलं, तर पेटंट बहुधा हातचं जातं, हेही सांगतो. मग गुप्ततेच्या करारावर समोरच्याची सही, आणि बैठकीनंतर त्याच रात्री झालेल्या बोलण्याची ईमेल. सही करायला जो कां-कूं करतो, त्याच्यासमोर नकाशा उलगडू नका.

स्वारगेटला आलात तर माझ्या ऑफिसात या. पहिला नकाशा मी फुकट काढून देतो. वडिलांच्या नावाने.