औंढ्यात रेंज कोणाची?

जूनमध्ये आमच्या शाळेत लातूरकडच्या एक मॅडम बदलून आल्या. औंढ्यात खोली घेतली, सामान लावले आणि तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी विचारले, "सर, तुम्ही इथलेच. औंढ्यात रेंज कोणाची चांगली? माझ्या सिमला खोलीत टॉवरच दाखवत नाही."

स्टाफरूममध्ये पाच जण होतो. चार कंपन्यांची नावे आली आणि प्रत्येक जण शपथेवर सांगत होता. मॅडम हसल्या, पण त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी लपली नाही. वडिलांची नुकतीच बायपास झाली आहे, घरी फक्त आई आणि लहान भाऊ. रात्री फोन लागला नाही तर काय, हा त्यांचा खरा प्रश्न होता.

त्या दिवशी मी उत्तर दिले नाही. "मॅडम, आठ दिवस द्या, नीट सांगतो," एवढेच म्हणालो. कारण या प्रश्नाचे एक चुकीचे उत्तर मी स्वतः भोगले आहे. आणि दुसरे असे की चारही सहकारी खरे बोलत होते. एकाच गावात चार खरी उत्तरे कशी असू शकतात, हे समजायला थोडा इतिहास पाहावा लागतो.

माझे दादा निजामाच्या राज्यात वाढले. औंढा तेव्हा परभणी जिल्ह्यात आणि परभणी हैदराबाद संस्थानात. संस्थानाचे टपाल खाते स्वतःचे होते. दादांच्या पेटीत जुन्या पाकिटांवर ती तिकिटे होती. उर्दू, मराठी, तेलुगू आणि इंग्रजी, चारही लिप्यांत किंमत लिहिलेली. मी उर्दू आणि मराठी या दोन्ही लिप्या गिरवायला लागलो तेव्हा दादांनी मला त्या पाकिटांवरूनच अक्षरे ओळखायला लावली होती. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले आणि १९५० मध्ये टपाल व टेलिफोन केंद्र सरकारकडे गेले. खाते बदलले, पण बातमीचा वेग फारसा बदलला नाही. लांब बोलायचे तर ट्रंक कॉल. त्याचेही तीन दर्जे, ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग. ज्याच्या खिशात जास्त पैसे, त्याची हाक आधी पोहोचणार.

माझ्या लहानपणी ईदच्या चंद्राची खबर हीच मोठी परीक्षा असे. २९ व्या रोजाला आभाळ भरलेले असले की सगळी वस्ती रेडिओभोवती बसायची. कधी हिंगोलीहून येणाऱ्या शेवटच्या एसटीची वाट पाहायची. ड्रायव्हर काच खाली करून ओरडायचा, "दिसला, दिसला!" हिंगोली इथून २५ किलोमीटरच्या आसपास, पण त्या रात्री ते अंतर फार वाटायचे.

मग पिवळ्या पाटीचा एसटीडी-पीसीओ आला. त्यामागे मोठी गोष्ट आहे. १९८४ मध्ये केंद्र सरकारने सी-डॉट ही संस्था काढली आणि सॅम पित्रोदा तिचा चेहरा झाले. परदेशी एक्स्चेंज वातानुकूलित खोलीशिवाय चालत नसत. सी-डॉटने आपल्या धुळीत, आपल्या उन्हात चालणारे छोटे ग्रामीण एक्स्चेंज बनवले. पहिले जुलै १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला बसले. त्याच लाटेत गावोगावी बूथ उघडले. चांदरातीला बूथवर रांग लागायची, काचेच्या खोलीत मीटरचे लाल आकडे पळायचे आणि बाहेर उभे असलेले म्हणायचे, "लवकर, भाई, आमच्यालाही हैदराबादला विचारायचंय." पण बूथवर कोणाची रेंज चांगली, असा प्रश्नच नव्हता. तार एकच होती.

तो प्रश्न जन्माला आला १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणानंतर. मोबाइल सेवेसाठी देशाचे मंडळांत तुकडे पाडले, त्यांनाच 'सर्कल' म्हणतात. मुंबई वेगळी ठेवली आणि उरलेला महाराष्ट्र व गोवा मिळून एक मंडळ केले. प्रत्येक मंडळात दोन खाजगी कंपन्या. ३१ जुलै १९९५ ला ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीत सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल फोन लावला. सुरुवातीला बोलण्याचा दर मिनिटाला १६ रुपयांच्या घरात होता, आणि येणाऱ्या फोनचेही पैसे पडत.

कागदावर औंढा 'महाराष्ट्र' मंडळातच होते. परवान्यात मात्र अट अशी होती की पहिल्या वर्षात १० टक्के आणि तीन वर्षांत ५० टक्के जिल्हा मुख्यालयांत सेवा पोहोचवा. मुख्यालयाऐवजी त्या जिल्ह्यातले दुसरे शहर धरले तरी चालत होते. आता गणित करा. ज्या जिल्ह्यांत जाणे बंधनकारक नाही, ते कोणते उरणार? आणि तालुक्याच्या गावाचे तर नावच नाही. कंपन्यांनी परवान्यासाठी भरमसाट बोली लावली होती, ते पैसे वसूल करायचे होते. म्हणून टॉवर आधी पुणे, नाशिक, नागपूरला आणि मग महामार्गांवर उभे राहिले. १९९९ च्या धोरणाने ठरावीक परवाना शुल्काऐवजी उत्पन्नात वाटा ही पद्धत आणली, तेव्हा कंपन्यांना श्वास मिळाला. त्याच वर्षी १ मे रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. आमचा जिल्हा आणि देशाचा स्वस्त मोबाइल जवळजवळ बरोबरीने वाढले.

ऑक्टोबर २००२ मध्ये बीएसएनएलने मोबाइल सेवा सुरू केली. या सरकारी कंपनीला एक आयता फायदा होता. तिची टेलिफोन एक्स्चेंजे तालुक्यांत आधीच होती, म्हणजे इमारत, वीज आणि लाइन तयार. २००३ च्या मे महिन्यात येणारे फोन सगळ्यांसाठी फुकट झाले आणि हमालापासून हाजीसाहेबांपर्यंत प्रत्येकाच्या खिशात फोन आला. ज्या खेड्यांत एकही कंपनी जात नव्हती तिथे २००७ नंतर सार्वत्रिक सेवा निधीतून टॉवर उभारायचे ठरले. एकाच टॉवरवर तीन कंपन्यांनी आपली यंत्रे लावायची, अशी ती योजना होती. हा निधी कंपन्यांच्या उत्पन्नातून कापला जातो, म्हणजे आपल्याच रिचार्जमधून.

आता माझी चूक सांगतो.

२००८ मध्ये मी सिम बदलले. टीव्हीवरची जाहिरात आवडली होती आणि दर स्वस्त होता. दुकानदाराने विचारले नाही, मीही विचारले नाही की माझ्या घरात ते चालते का. बाजारात पूर्ण टॉवर दाखवायचा. माझे घर मात्र उताराला, मागे टेकडी, त्यात जुन्या दगडी भिंती. घरात शिरले की फोन मुका. मी छतावर जाऊन बोलायचो आणि त्याची गंमत सांगायचो.

त्या हिवाळ्यात माझे मामू पहाटे गेले. आमच्यात मय्यत ठेवत नाहीत, होईल तितक्या लवकर दफन करतात. मामेभावाने सकाळी सहापासून फोन लावले. मी घरातच होतो, चहा पीत होतो, मुलांच्या वह्या तपासत होतो. अकरा वाजता बाजारात गेलो तेव्हा एकामागून एक मेसेज आले. मिळेल त्या गाडीने निघालो. पोहोचलो तेव्हा लोक कबरस्तानातून परतत होते. ज्या माणसाने मला सायकल शिकवली, डीएडच्या फीचे पैसे दिले, त्याला मला मिट्टी देता आली नाही. मामेभाऊ एकच वाक्य बोलला, "भाई, कितने फोन किये तुमको." त्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते आजही टोचते.

नंबर बदलायचा म्हणजे शाळा, बँक, नातेवाईक सगळ्यांना पुन्हा कळवायचे, म्हणून मी तरीही दोन वर्षे तेच सिम ओढले. २० जानेवारी २०११ ला नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर सुरू झाली. पहिल्याच महिन्यात मी पोर्ट केले. आपल्यासारख्यांसाठी तो दिवस मोठा होता. पाय कंपनीच्या दोरीतून सुटला.

पुढचे तुम्हाला आठवत असेल. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला. २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या, काही कंपन्या बंदच पडल्या. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि रेंज हा शिक्षणाचा प्रश्न झाला. माझ्या वर्गातली तांड्यावरची दोन मुले रोज टेकडीवर चढून गृहपाठाचे फोटो पाठवत. गावातल्या मुलांपेक्षा त्यांच्या वह्या वेळेवर येत. सप्टेंबर २०२५ मध्ये बीएसएनएलचे स्वदेशी ४जी देशाला अर्पण झाले. त्याचा गाभा पुन्हा सी-डॉटचा, त्याच कित्तूरवाल्या संस्थेचा. मला त्याचा आनंद झाला. पण सिम घेताना आनंद बघायचा नसतो, भिंत बघायची असते.

म्हणजे चारही सहकारी खरे कसे, हे आता लक्षात येईल. प्रत्येक कंपनी वेगळ्या वेळी आली, वेगळ्या जागी टॉवर लावून बसली आणि वेगळ्या लहरी घेऊन आली. पहिल्या दोन कंपन्यांना ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी मिळाल्या होत्या. २००१ मध्ये परवाने घेणाऱ्या चौथ्या कंपनीला १८०० च्या. लहरीचा आकडा जितका लहान, तितकी ती लांब जाते आणि भिंतीतून आत शिरते. आकडा मोठा असेल तर डेटा जास्त वाहतो, पण टॉवर जवळ लागतो. औंढ्यासारख्या डोंगरात वसलेल्या गावात दोन गल्ल्यांचे उत्तर म्हणूनच एक नसते.

आणखी एक गोष्ट महाशिवरात्रीला कळते. नागनाथाच्या दर्शनाला हजारो लोक येतात. फोनवर टॉवर पूर्ण दिसतो, पण कॉल लागत नाही. रेंज असणे वेगळे आणि जागा असणे वेगळे. रस्ता गावापर्यंत आला म्हणून जत्रेत गाडी पुढे सरकत नाही, तसेच. चांदरातीला आमच्या मोहल्ल्यातही हेच होते. टॉवर हिंदूचा नाही, मुसलमानाचा नाही. गर्दी झाली की तो सगळ्यांनाच थांबवतो.

आठ दिवसांनी मी मॅडमना कागदावर लिहून दिले ते असे.

जाहिरात आणि स्वस्त प्लॅन शेवटी पाहा. आधी तुमच्या चार जागा ठरवा. झोपायची खोली, स्वयंपाकघर, शाळेचा वर्ग आणि येण्याजाण्याचा रस्ता. शेजाऱ्यांचे, सहकाऱ्यांचे वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन घेऊन या चारही जागी कॉल लावून पाहा, नुसते टॉवरचे चित्र पाहू नका. सकाळी एकदा, रात्री आठ-नऊला एकदा आणि वीज गेल्यावर तासाभराने एकदा. काही टॉवरांची बॅटरी लवकर संपते, ते तेव्हाच कळते. कंपन्यांनी आपले रेंजचे नकाशे संकेतस्थळावर दाखवावेत, असा नियम ट्रायने २०२४ मध्ये केला. ते नकाशे जरूर पाहा, पण त्यात तुमच्या खोलीची भिंत नसते. तुमचा फोन ४जीवर कॉल करू शकतो का, तेही तपासा, नाहीतर सिम चांगले असून फोन मुका राहील. दोन सिमचा फोन असेल तर दुसरे सिम दुसऱ्या कंपनीचे ठेवा, आणि घरच्यांना दोन्ही नंबर द्या.

आणि चुकलेच तर घाबरू नका. PORT हा शब्द इंग्रजीत लिहून, जागा सोडून आपला नंबर, असा मेसेज १९०० वर पाठवा. कोड येतो, तो नव्या कंपनीच्या दुकानात द्यायचा. जुन्या कंपनीत ९० दिवस झालेले असावेत आणि बिल थकलेले नसावे. डिसेंबर २०१९ पासून त्याच मंडळात हे काम तीन कामकाजाच्या दिवसांत होते.

मॅडमनी तसेच केले. त्यांच्या खोलीत जे सिम चालले ते आमच्या स्टाफरूममध्ये कोणीच सांगितले नव्हते.

औंढ्याजवळच आता लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे. २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांतून कोट्यवधी प्रकाशवर्षे दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीची थरथर ऐकायची. इथली जमीन शांत आहे, म्हणून ही जागा निवडली. म्हणजे शास्त्रज्ञांनीही निवड जागेवर येऊन, मोजून केली. मुलांना मी हे अभिमानाने सांगतो.

परवा मॅडमच्या भावाचा रात्री साडेअकराला फोन आला. वडिलांना थोडे धाप लागल्यासारखे झाले होते. मॅडमनी लगेच लातूरच्या डॉक्टरांशी बोलून घेतले, दवाखान्यात नेले, सकाळी सगळे ठीक होते. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "सर, पहिल्या रिंगला उचलला."

मी काही बोललो नाही. मामूंच्या घरचा नंबर अजून माझ्या फोनमध्ये आहे. आता त्यावर मामेभाऊ असतो. त्या दिवशी घरी जाऊन, आतल्या खोलीत बसूनच, त्याला फोन लावला.