ओरिजिनल टाकू का लोकल?

राइट बंधूंचं नाव निघालं की आपल्याला १७ डिसेंबर १९०३ आठवतो. शाळेच्या पुस्तकात तोच होता, परीक्षेलाही तोच यायचा. मला मात्र गेले काही दिवस दुसरीच एक १७ तारीख छळते आहे: १७ सप्टेंबर १९०८. इंजिनाच्या विमानाला अपघात होऊन माणूस दगावण्याची पहिली घटना त्या दिवशी घडली. (लिलिएन्थाल त्याच्या आधी, १८९६ मध्ये गेला, पण तो ग्लायडरवर.) कारण काय, तर विमानाला नव्याने बसवलेल्या प्रोपेलरचं एक पातं उभं चिरलं.

झालं होतं असं. अमेरिकी लष्कराच्या सिग्नल कोअरने राइट बंधूंशी २५,००० डॉलरचा करार केला होता. विमानाने दोन माणसांना घेऊन उडायचं, ताशी ४० मैल वेग गाठायचा, वगैरे अटी होत्या. थोरला विल्बर तेव्हा फ्रान्समध्ये लोकांना उडून दाखवत होता, म्हणून चाचणीची जबाबदारी ऑर्व्हिलवर आली. जागा वॉशिंग्टनजवळ, व्हर्जिनियातलं फोर्ट मायर. ९ सप्टेंबरला तो तासाभराहून जास्त वेळ हवेत राहिला आणि मग रोज गर्दी वाढत गेली.

१७ तारखेला सोबत बसला लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज. वय २६, अंगाने चांगला भरलेला. हा स्वतः विमानं बनवणाऱ्या मंडळींतला, टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलच्या गटातला. त्यामुळे ऑर्व्हिलला तो फारसा आवडत नसे. आपली विद्या बघून घ्यायला आलाय असा त्याचा संशय होता, आणि तो अगदीच चुकीचा होता असंही नाही! पण लष्कराने नेमलेल्या माणसाला नाही कसं म्हणणार?

या उड्डाणाआधी विमानाला नवे प्रोपेलर चढवले होते, जुन्यांपेक्षा काही इंच लांब. संध्याकाळी पाचच्या सुमारास विमान उडालं. तीन फेऱ्या नीट झाल्या. चौथ्या फेरीत ऑर्व्हिलला मागून हलकी टकटक ऐकू आली. त्याने वळून पाहिलं, काही दिसलं नाही. तरी इंजिन बंद करून उतरावं असं त्याने ठरवलं, तेवढ्यात दोन मोठे धक्के बसले आणि यंत्र थरथरायला लागलं. शंभरेक फुटांवरून विमान नाक खाली करून आलं. सेल्फ्रिजची कवटी फुटली होती, त्याच संध्याकाळी तो गेला. ऑर्व्हिलची मांडी मोडली, बरगड्या मोडल्या. तो सात आठवडे इस्पितळात होता. बहीण कॅथरिन नोकरी सोडून उशाशी बसून राहिली.

पुढचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांच्या कारागिरांनी मोडके तुकडे ऑर्व्हिलच्या खाटेपाशी आणून दाखवले आणि पडल्यापडल्या त्याने घटनाक्रम जुळवला. एक पातं लांबीच्या दिशेने चिरलं, त्यामुळे ते चपटं पडलं आणि हवा रेटेनासं झालं. दुसरं पातं मात्र पूर्ण जोरात. एका बाजूला जोर, दुसऱ्या बाजूला नाही, म्हणून थरथर. थरथरीने दांड्याचा आधार सैल झाला, प्रोपेलर जागचा सरकला आणि मागच्या सुकाणूला ताणून धरणाऱ्या तारेत जाऊन अडकला. तार तुटली, सुकाणू गेलं. म्हणजे चीर एका लाकडाला आणि पडलं अख्खं विमान. त्यांचे वडीलधारे मित्र ऑक्टेव्ह शनूट यांनीही ते लाकूड पाहिलं. त्यांना ते ठिसूळ, प्रमाणाबाहेर वाळलेलं वाटलं. ही वाळलेल्या लाकडाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता गंमत बघा (गंमत कसली!). त्या काळी प्रोपेलर समजणारी याच्याइतकी माणसं जगात नव्हती. जहाजांच्या पंख्यांची गणितं हवेत कामाला येत नाहीत हे कळल्यावर या भावांनी प्रोपेलर म्हणजे गोल फिरणारा पंखच, असं धरून सगळा हिशेब नव्याने मांडला. स्प्रूस लाकडाचे थर चिकटवून, तासून स्वतःच्या हातांनी पाती घडवली. १९०३ ची ती पाती आजच्या चाचण्यांतही उत्तम ठरतात. त्याच वर्षी किटी हॉकला प्रोपेलरच्या पोकळ नळीच्या दांड्याला तडा गेला, तेव्हा ऑर्व्हिल आगगाडीने डेटनला परत गेला, भरीव पोलादाचे दांडे बनवून घेऊन आला आणि त्याच दांड्यांवर पहिलं उड्डाण झालं. बनवणारे तेच, बसवणारे तेच, उडवणारेही तेच. एवढं असूनही १९०८ च्या नव्या पात्यातला दोष डोळ्यांना दिसला नाही.

मग आपण, जे पाती पाकिटातून विकत घेतो, त्यांनी काय करावं?

आपल्याला या प्रश्नाची सवय आहे खरं तर. स्कूटर गॅरेजला टाकली की मेकॅनिक विचारतोच, ‘‘ओरिजिनल टाकू का लोकल?’’ हा प्रामाणिक माणूस. तो निदान विचारतो. अडचण तिथे सुरू होते जिथे लोकल माल ओरिजिनलच्या खोक्यात येतो आणि तुम्ही पैसेही ओरिजिनलचेच मोजता. खोकं, स्टिकर, शिक्का, कागद यांचं काम माल न तपासता विश्वास ठेवता यावा हे. आणि नक्कल करायला मालापेक्षा शिक्का सोपा. अमेरिकेत १९८० च्या दशकात हे बोल्टच्या बाबतीत घडलं. तिथे जास्त ताकदीच्या, ग्रेड ८ च्या बोल्टच्या डोक्यावर सहा रेघा असतात. हलक्या पोलादाच्या बोल्टवर त्याच सहा रेघा मारून माल खपवला गेला, तो लष्कराच्या रणगाड्यांपर्यंत पोचला. शेवटी १९९० मध्ये निव्वळ बोल्ट-नट यांच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला.

आणि ८ सप्टेंबर १९८९. नॉर्वेच्या पार्टनेअर कंपनीचं कॉन्व्हेअर ५८० विमान ओस्लोहून हॅम्बुर्गला निघालं होतं. प्रवासी एका जहाज कंपनीचे कर्मचारी, नव्या जहाजाच्या नामकरणाला चाललेले. म्हणजे ऑफिसची सहलच. डेन्मार्कच्या उत्तरेला हिर्टशाल्सजवळ विमान हवेतच मोडलं आणि समुद्रात पडलं. ५५ माणसं होती, एकही वाचलं नाही. आधी बॉम्बची चर्चा झाली, ती साहजिक होती, कारण स्कॉटलंडमधल्या लॉकरबीच्या बॉम्बस्फोटाला वर्षही झालं नव्हतं. पण चौकशी करणाऱ्यांनी समुद्रातून बहुतेक सगळं विमान वर काढलं, तुकडे जुळवले, आणि १९९३ च्या अहवालात उत्तर आलं. शेपटीचा उभा भाग धडाला धरून ठेवणारे बोल्ट आणि त्यांच्या स्लीव्ह अस्सल नव्हत्या. पोलाद हवं तेवढं कठीण नव्हतं. ते झिजले, शेपटीला खेळ आला, आणि थरथर वाढत वाढत शेपूट सुटली. फोर्ट मायरचीच थरथर, ८१ वर्षांनी. इथे मात्र दोष नकळत राहिलेला नव्हता. कुठेतरी कुणीतरी तो भाग ‘तसाच आहे’ म्हणून विकला होता.

आता तुम्ही म्हणाल, पन्नास माणसांचं विमान कुठे आणि मुलांचा ड्रोन कुठे. मलाही तसंच वाटायचं. आमच्या सोसायटीतला एक मुलगा, कॉलेजात आहे, स्वतः जुळवलेला ड्रोन गच्चीवर उडवतो. परवा चार पात्यांचं नवं पाकीट घेऊन आला. ‘‘काका, नेहमीच्या निम्म्या किमतीत मिळालं. बघा ना, ओरिजिनल वाटतंय का?’’ कुठून घेतलं ते सोडा, अशा दुकानांना तोटा नाही. मी सवयीने आधी पाकिटावरची अक्षरं वाचायला लागलो, मग ते बाजूला ठेवलं आणि आम्ही कागद-पेन घेऊन हिशेब केला.

पाच इंची प्रोपेलर, मिनिटाला २०,००० फेरे. पात्याच्या टोकाचा वेग येतो सेकंदाला सुमारे १३३ मीटर, म्हणजे ताशी ४८० किलोमीटरच्या आसपास. राइट बंधूंचा साडेआठ फुटी प्रोपेलर मिनिटाला साधारण ३५० फेरे घ्यायचा, त्याचं टोक ताशी १७० च. आणि या इवल्या पात्याच्या मध्यावर बसलेलं १ ग्रॅम प्लॅस्टिक बाहेरच्या बाजूला जवळजवळ १४ किलोच्या ओढीने खेचलं जातं. एका ग्रॅमला चौदा किलो! तो मुलगा गप्पच झाला. गच्चीवर धाकटी भावंडं कठड्याला टेकून बघत उभी असतात, चेहरे नेमके त्या उंचीला.

मग पाती तपासली. जुनं, खात्रीचं एक पातं त्याच्याकडे होतं, ते शेजारी ठेवलं. पहिली गोष्ट वजन. दागिने तोलतात तसला छोटा डिजिटल काटा हल्ली स्वस्तात मिळतो. जुन्या संचातली पाती एकमेकांशी जुळत होती, नव्या चारांत दोन हलकी निघाली. दुसरी गोष्ट तोल. भोकातून गुळगुळीत बारीक सळई घालून आडवी धरली की चांगला प्रोपेलर कुठेही थांबतो. यातले दोन दरवेळी एकच बाजू खाली करून थांबत. भोकही सैल होतं, आसावर डुगडुगत होतं. मग वाकवून पाहिलं. चांगलं पातं हळूच वाकतं आणि परत सरळ होतं. यातलं एक मुळाशी पांढरं पडलं, म्हणजे आतून फाटायला लागलं. प्रकाशाकडे धरलं तर दुसऱ्याच्या मुळाशी साच्यात राहिलेला हवेचा बुडबुडा दिसला. आकडे मात्र सगळ्यांवर अगदी ठसठशीत: ५०४५, म्हणजे ५ इंच व्यास आणि ४.५ इंच पिच. छपाईत म्हणून खोट काढायला जागा नव्हती.

त्या वाळलेल्या लाकडाबद्दल म्हटलं होतं ना? बरीच पाती नायलॉनची असतात, आणि नायलॉन हवेतली ओल थोडी धरून ठेवतो म्हणूनच चिवट राहतो. फार कोरडं पडलेलं पातं अस्सल कंपनीचं असलं तरी काचेसारखं तडकू शकतं. मॉडेल विमानांचे जुने शौकीन नायलॉनचे पंखे पाण्यात उकळून घेत ते यासाठी. आमच्या गच्चीवर उन्हाळ्यात पत्र्याच्या पेटीत तापलेल्या पात्यांचं काय होत असेल कुणास ठाऊक. शनूट यांनी पाहिलेला तुकडा मला त्या दिवशी राहून राहून आठवत होता.

चारपैकी दोन पाती सगळ्या परीक्षांत पास झाली, हे मुद्दाम सांगतो. तीही तो लावायला तयार होईना, कारण एकाच पाकिटातून आलेल्या चारांत इतका फरक असेल तर ती दोन नशिबाने बरी निघालेली. मला ते पटलं. (त्याची आई म्हणाली, निम्मे पैसे तरी परत माग. ते काही मिळाले नाहीत.)

जाताना तो ती पाती कचऱ्याच्या डब्यात टाकायला निघाला तेव्हा मी थांबवलं. विमानांच्या धंद्यात बाद झालेला भाग नुसता भंगारात देऊ नये, कापून, ठेचून निरुपयोगी करून मग द्यावा असं सांगतात, कारण पूर्वी भंगारातले भाग घासूनपुसून पुन्हा बाजारात आलेले आहेत. घरातली पत्रे कापायची कात्री आणली. चारही पाती त्याने मुळापासून कापली आणि तुकडे कागदात गुंडाळून नेले.