रॅम किती आहे, की प्रोग्रॅमला किती लागते? मेमरी मॅनेजमेंटचा इतिहास, 1956 ते 1969



संशोधनाला सुरुवात केली की पहिल्याच वर्षात बऱ्याच जणांना एक कोडं पडतं. छोट्या डेटावर प्रोग्रॅम दोन मिनिटांत संपतो. डेटा चौपट झाला तर आठ-दहा मिनिटं लागतील असा आपला सरळ त्रैराशिकाचा हिशोब. प्रत्यक्षात प्रोग्रॅम रात्रभर चालतो, माऊसही अडखळायला लागतो, आणि गंमत म्हणजे प्रोसेसरचा वापर बघितला तर तो जेमतेम तीन-चार टक्के! मग प्रोसेसर रिकामा आहे तर कॉम्प्युटर अडलाय कुठे?

हाच प्रश्न 1960च्या दशकात मोठमोठ्या प्रयोगशाळांना पडला होता. त्याचं उत्तर शोधताना जे सापडलं तेच आज तुमच्या लॅपटॉपमध्ये चालू आहे. म्हणून व्याख्या पाठ करण्याऐवजी आज हा इतिहास बघू.

ओव्हरलेचा काळ

आधी त्या काळच्या मेमरीचा आकार डोळ्यांसमोर आणा. मँचेस्टर विद्यापीठात 1948 मध्ये चाललेल्या 'बेबी' या मशीनची मेमरी होती फक्त 32 शब्दांची. इथे 'शब्द' म्हणजे मशीन एका वेळी हाताळते तेवढा बिट्सचा गट. आपल्या मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 मध्ये सुरू झालेल्या टिफ्रॅकची मेमरी 2048 शब्दांची होती, प्रत्येक शब्द 40 बिट्सचा. आजच्या मापात ती सगळी मिळून 10 केबी भरते!

ही मुख्य मेमरी फेराइटच्या बारीक कड्या तारांत ओवून केलेली असायची. तिला कोअर मेमरी म्हणत. ती वेगवान, पण फार महाग. स्वस्त पर्याय होता मॅग्नेटिक ड्रम, म्हणजे गरगर फिरणारं चुंबकीय पिंप. त्यात जागा भरपूर, पण हवी ती माहिती फिरत फिरत वाचणाऱ्या हेडखाली येईपर्यंत थांबायचं.

प्रोग्रॅम मुख्य मेमरीत मावत नसेल तर प्रोग्रॅमरने स्वतः त्याचे तुकडे पाडायचे. कुठला तुकडा कधी ड्रमवरून आणायचा आणि कुणाच्या जागी बसवायचा हेही त्यानेच लिहायचं. याला ओव्हरले म्हणत. प्रोग्रॅमरचा कितीतरी वेळ मूळ गणितापेक्षा या हलवाहलवीत जायचा. वर मशीन बदललं, मेमरी बदलली, की हे सगळं पुन्हा करायचं.

एक प्रबंध आणि एक मशीन

हे काम मशीननेच करावं ही कल्पना सविस्तर मांडली गेली ती एका पीएचडीच्या प्रबंधात. फ्रिट्झ-रुडॉल्फ ग्युन्च या जर्मन संशोधकाने 1956 च्या सुमारास बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात हा प्रबंध लिहिला. त्याच्या आराखड्यात मुख्य मेमरीत 100 शब्दांचे फक्त 6 गट होते, पण प्रोग्रॅमला मात्र असे 1000 गट उपलब्ध आहेत असं भासायचं. हवा तो गट ड्रमवरून आणायची जबाबदारी मशीनची.

प्रत्यक्षात ही गोष्ट गाजली ती मँचेस्टरमध्ये. टॉम किलबर्न यांच्या गटाने फेरांटी कंपनीबरोबर ॲटलस हे मशीन बांधलं. डिसेंबर 1962 मध्ये त्याचं उद्घाटन झालं. त्यात कोअर मेमरी 16,384 शब्दांची आणि ड्रमवर 98,304 शब्द. पण प्रोग्रॅमरला हे दोन भाग वेगळे दिसायचेच नाहीत. त्याच्यासाठी सगळी एकच सलग मेमरी, म्हणून किलबर्न आणि सहकाऱ्यांनी या रचनेला 'एकस्तरीय साठवण' म्हटलं. आज आपण तिला व्हर्च्युअल मेमरी म्हणतो.

हे चालायचं कसं? मेमरीचे 512 शब्दांचे सारखे भाग पाडले, त्यांना म्हणायचं 'पानं'. कोअरमध्ये अशी 32 पानं मावत. प्रत्येक जागेशी एक रजिस्टर, त्यात सध्या इथे कितव्या क्रमांकाचं पान आहे त्याची नोंद. प्रोग्रॅमने एखादा पत्ता मागितला की 32 ही रजिस्टरं एकदम तपासली जायची. पान सापडलं तर काम पुढे चालू. नाही सापडलं तर प्रोग्रॅम थांबवायचा, ड्रमवरून पान आणायचं आणि मग पुढे जायचं. यालाच आज पेज फॉल्ट म्हणतात. नावात 'फॉल्ट' असलं तरी ही चूक नव्हे बरं का, ही नेहमीची घटना आहे.

घरातलं उदाहरण घ्या. ओट्यावर थोडेच डबे मावतात, बाकीचे माळ्यावर. स्वयंपाक करणाऱ्याला जे मागेल ते हातात मिळतं, पण माळ्यावरचा डबा हवा असेल तर कुणीतरी शिडी लावून चढावं लागतं. सगळा प्रश्न त्या शिडीचा आहे.

शिडी किती महाग?

ॲटलसच्या कोअरचा एक फेरा सुमारे 2 मायक्रोसेकंदांचा. ड्रमची एक फेरी सुमारे 12 मिलिसेकंदांची, म्हणजे सरासरी 6 मिलिसेकंद थांबायचं. फरक 3000 पट! कोअरमधून शब्द आणायला एक सेकंद लागतो असं धरलं, तर ड्रमवर जायला 50 मिनिटं.

आता कागदावर एक हिशोब करून बघा. समजा हजारात एकदाच पेज फॉल्ट होतो. सरासरी वेळ येते जवळजवळ 8 मायक्रोसेकंद, म्हणजे प्रोग्रॅम चौपट मंद. शंभरात एकदा फॉल्ट झाला तर सरासरी सुमारे 62 मायक्रोसेकंद, म्हणजे तीसपट मंद. शंभरातल्या 99 वेळा पान हाताशी असूनही! (ड्रमवरून पान येईपर्यंत ॲटलस दुसऱ्या कुणाचं काम पुढे नेत असे, पण तुमच्या प्रोग्रॅमची रखडपट्टी चुकत नसे.)

सुरुवातीच्या कोड्याचा पहिला अर्धा उलगडा इथे होतो. वेग एकदम कोसळतो, कारण थोडेसे फॉल्टसुद्धा प्रचंड महाग असतात. आजही रॅम आणि एसएसडी यांच्यात साधारण हजारपट, आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कबरोबर साधारण लाखपट अंतर आहे.

कुठलं पान बाहेर काढायचं?

नवीन पान आणायचं तर जागा करावी लागणार. मग बाहेर कुणाला काढायचं? आयबीएमच्या लास्झलो बेलाडी यांनी 1966 मध्ये यावर एक महत्त्वाचा अभ्यास छापला. सर्वांत चांगला नियम कोणता, तर जे पान पुढे सर्वांत उशिरा लागणार आहे ते काढा. पण पुढचं कुणाला माहीत? हा नियम वापरता येत नाही, पण मोजपट्टी म्हणून फार उपयोगी पडतो. कुठलीही पद्धत या आदर्शाच्या किती जवळ जाते ते तपासता येतं. (संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी ही युक्ती लक्षात ठेवा. गाठता न येणारी सीमा माहीत असणं हासुद्धा एक निष्कर्षच असतो.)

1969 मध्ये बेलाडी आणि दोन सहकाऱ्यांनी आणखी एक विचित्र गोष्ट दाखवली. 'जे आधी आलं ते आधी जाईल' हा सरळ नियम घ्या आणि पानं या क्रमाने मागा: 1, 2, 3, 4, 1, 2, 5, 1, 2, 3, 4, 5. तीन पानांची जागा असेल तर 9 फॉल्ट होतात. चार पानांची जागा दिली तर किती? 10! मेमरी वाढवली आणि काम वाढलं. विश्वास बसत नसेल तर वहीत मांडून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

सगळ्या नियमांत असं होत नाही. 'सर्वांत जास्त वेळ न वापरलेलं पान काढा' या नियमात जागा वाढवून फॉल्ट कधीच वाढत नाहीत. पण मुद्दा लक्षात आला ना? नुसतं 'मेमरी किती' एवढं विचारून भागत नाही.

थ्रॅशिंग: सगळे धावतात, काम शून्य

याच सुमारास एकाच मशीनवर अनेकांनी एकाच वेळी काम करायची पद्धत आली होती. एकाचा प्रोग्रॅम ड्रमची वाट बघत असेल तर दुसऱ्याचा चालवायचा. प्रोग्रॅम वाढवत जा, प्रोसेसर अधिकाधिक कामात राहतो. पण एका मर्यादेनंतर तो हळूहळू नाही, एकदम ठप्प व्हायचा.

दिवाळीचा फराळ करताना एकाच ओट्यावर चौघी उभ्या आहेत अशी कल्पना करा. चकलीवाली पिठाची परात ठेवायला करंजीचं सारण खाली उतरवते. करंजीवाली सारण वर घ्यायला लाडवाची कढई बाजूला करते. धावपळ सगळ्यांची, पण तळून एकही घाणा निघत नाही. याचं नाव थ्रॅशिंग.

वर आणखी एक दुष्टचक्र. कामं वाटणारी यंत्रणा बघते की प्रोसेसर रिकामा दिसतोय, म्हणून ती अजून एक प्रोग्रॅम आत घेते. ओटा आणखी भरतो!

याचा छडा लावला पीटर डेनिंग यांनी. ते तेव्हा एमआयटीत पीएचडी करत होते, वय पंचविशीच्या आसपास, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखेच. इतर बरेच जण 'कुठलं पान काढायचं' या प्रश्नात गुंतले होते. डेनिंग यांनी प्रश्नच बदलला: या प्रोग्रॅमला आत्ता, या घडीला, कुठली पानं लागताहेत?

प्रोग्रॅम सगळ्या मेमरीत सारखा फिरत नाही. लूप चालू असेल तर त्याच सूचना आणि त्याच ओळी पुन्हा पुन्हा वापरल्या जातात. मग तो दुसऱ्या भागात जातो आणि तिथे रमतो. या स्वभावाला लोकॅलिटी म्हणतात. अलीकडच्या ठरावीक काळात प्रोग्रॅमने जी पानं हाताळली त्यांचा संच म्हणजे त्याचा वर्किंग सेट. यावरचा त्यांचा निबंध 1968 च्या मे महिन्यात छापून आला आणि थ्रॅशिंगवरचा वेगळा निबंधही त्याच वर्षी.

उपाय ऐकायला अगदी साधा आहे. एखाद्या प्रोग्रॅमचा वर्किंग सेट मावेल एवढी जागा असेल तरच त्याला आत घ्या, नाहीतर बाहेर थांबवा. चौघींऐवजी दोघींना ओटा द्या, चौघींचाही फराळ लवकर होईल.

निकाल

तरीही शंका होतीच. ही यंत्रणा माणसाने हाताने लावलेल्या ओव्हरलेशी बरोबरी करेल का? 1969 मध्ये आयबीएमच्या डेव्हिड सेअर यांनी प्रयोगांच्या आधारे दाखवलं की नीट बांधलेली स्वयंचलित पद्धत हाताच्या कामाच्या तोडीस तोड ठरते. क्रिस्टलोग्राफी शिकलेल्यांना हे नाव ओळखीचं वाटेल. 1952 चं सेअर समीकरण मांडणारे ते हेच, आणि फोर्ट्रान तयार करणाऱ्या गटातही ते होते. पुढे 1972 मध्ये आयबीएमने आपल्या सिस्टम/370 मशीनसाठी व्हर्च्युअल मेमरी जाहीर केली आणि हा वाद मागे पडला.

तुमच्या टेबलावर याचा उपयोग काय?

एक: रिकामी रॅम कमी दिसली म्हणून घाबरू नका. लिनक्स मोकळ्या रॅममध्ये वाचलेल्या फायली ठेवून देतं आणि गरज पडली की ती जागा सोडतं. 'फ्री' हा आकडा न बघता 'अव्हेलेबल' हा आकडा बघा.

दोन: कॉम्प्युटर रखडला की 'व्हीएमस्टॅट' ही कमांड चालवा. त्यात 'एसआय' आणि 'एसओ' या स्तंभांत सतत मोठे आकडे येत असतील, तर पानं रॅम आणि डिस्क यांच्यात ये-जा करताहेत. एकाच वेळी चार प्रोग्रॅम सोडले असतील तर दोन थांबवा. हा डेनिंग यांचाच सल्ला.

तीन: डेटा कुठल्या क्रमाने वाचता ते तपासा. आज नेहमीचं पान 4096 बाइट्सचं असतं, म्हणजे 8 बाइट्सचे 512 आकडे. समजा तुमच्या मॅट्रिक्समध्ये 50,000 ओळी आणि 512 स्तंभ आहेत, प्रत्येक ओळ बरोबर एका पानात बसलीय आणि तुमच्या वाट्याला 10,000 पानांचीच जागा आहे. ओळीने वाचलंत तर 50,000 फॉल्ट. स्तंभाने वाचलंत तर प्रत्येक आकड्याला नवं पान, म्हणजे 2 कोटी 56 लाख फॉल्ट! गणित तेच, उत्तर तेच, बदलला फक्त लूपचा क्रम. लक्षात ठेवा, सी आणि नमपाय मुळात ओळीने साठवतात, तर फोर्ट्रान, मॅटलॅब आणि आर स्तंभाने.

तेव्हा गाईडकडे नवीन रॅमची मागणी करण्याआधी डेनिंग यांचा प्रश्न स्वतःला एकदा विचारा: माझ्या प्रोग्रॅमला या घडीला किती पानं लागताहेत? कधी कधी रॅम खरंच घ्यावी लागते. पण बऱ्याचदा दोन लूपांची अदलाबदल पुरते, आणि तिला ना कोटेशन लागतं ना कुणाची सही.

वरचा 12 पानांचा क्रम 'सर्वांत जास्त वेळ न वापरलेलं पान काढा' या नियमाने, तीन आणि चार जागांसाठी सोडवून बघा. पुढच्या लेखात त्याच्या उत्तरापासून सुरुवात करून कॅशकडे जाऊ.